लवकर निर्णय, पण कोणाचा? : व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रवेशधोरणाची चिकित्सा

अमेरिकेतील ज्या विद्यापीठांमध्ये जागांपेक्षा अर्जदारांची संख्या कितीतरी अधिक असते, तेथे पदवी अभ्यासक्रमाचे प्रवेश साधारणतः दोन टप्प्यांत होतात. नियमित फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुमारास स्वीकारले जातात, त्यांचे निकाल मार्चअखेरीपर्यंत लागतात आणि हाती आलेल्या प्रस्तावांची तुलना करून विद्यार्थी १ मेपर्यंत आपली निवड कळवितो. त्याआधी, म्हणजे शाळेच्या अंतिम वर्षातील पहिले सत्रही पूर्ण झालेले नसताना, एक पूर्वफेरी घेतली जाते. तिचे अर्ज बहुधा नोव्हेंबरच्या प्रारंभी जातात. ही पूर्वफेरी दोन प्रकारची असते. 'अर्ली ॲक्शन' या प्रकारात विद्यार्थी लवकर अर्ज करतो आणि त्याला निकालही लवकर कळतो, परंतु त्याच्यावर कोणतेही बंधन येत नाही. 'अर्ली डिसिजन' या प्रकारात मात्र त्याला एकाच संस्थेकडे असा अर्ज करता येतो. प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे आणि अन्य सर्व अर्ज मागे घेण्याचे वचन त्याने आगाऊ द्यावयाचे असते. या वचनपत्रावर विद्यार्थ्याबरोबर त्याच्या पालकाची आणि शाळेतील समुपदेशकाची स्वाक्षरी घेतली जाते.

'अर्ली डिसिजन' या नावातच एक संदिग्धता आहे. विद्यापीठ आपला निर्णय लवकर देते, असा त्याचा अर्थ सहज लावला जातो. प्रत्यक्षात सर्वांत आधी निर्णय घेतो तो विद्यार्थी, आणि तो बांधला गेल्यानंतर विद्यापीठ त्याचा विचार करते. खासगी संस्थांच्या संदर्भात या व्यवस्थेची चर्चा पुष्कळ झाली आहे. राज्याच्या निधीवर व राज्याच्या कायद्याने चालणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाने ती स्वीकारणे कितपत समर्थनीय आहे, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार व्हर्जिनिया विद्यापीठाच्या उदाहरणाच्या आधारे करण्यात आला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या एकाच संस्थेने ही पद्धत राबविली, रद्द केली, तिचे सौम्य रूप आणले आणि शेवटी ती मूळ स्वरूपात पुन्हा सुरू केली.

तेरा वर्षांतील तीन वळणे

शार्लट्सव्हिल येथील हे विद्यापीठ थॉमस जेफरसन यांनी १८१९ मध्ये स्थापन केले. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १७७९ मध्ये, ज्ञानाच्या व्यापक प्रसारासाठी त्यांनी रचलेले एक विधेयक व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे आले होते. गरीब घरांतील बुद्धिमान मुलांना प्राथमिक शाळांमधून हेरून सार्वजनिक खर्चाने वरच्या शिक्षणाकडे न्यावे, अशी योजना त्यात होती. शाळाशाळांतून जाऊन अशा मुलांचा शोध घेण्याची जबाबदारी राज्याने नेमलेल्या माणसांवर टाकलेली होती. ती योजना त्या रूपात अमलात आली नाही. तिच्यातील 'सार्वजनिक' हा शब्दही फारच तोकडा होता, कारण गुलाम त्यात नव्हते आणि मुलींसाठी केवळ प्राथमिक शिक्षणाची सोय होती. विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५० मध्ये, तोही न्यायालयामार्फत, दाखल झाला आणि स्त्रियांना पूर्ण समान प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. तरीही सार्वजनिक संस्थेने विद्यार्थ्याकडे चालत जावे ही कल्पना या विद्यापीठाच्या वारशाचा भाग आहे, आणि संस्था तो वारसा वारंवार सांगतही असते.

सप्टेंबर २००६ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन या दोन खासगी विद्यापीठांनी पूर्वफेरी रद्द करण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात व्हर्जिनिया विद्यापीठानेही 'अर्ली डिसिजन' रद्द केले. तिघांमध्ये ते एकटेच सार्वजनिक होते. सार्वजनिक विद्यापीठांतील हे पहिले पाऊल मात्र नव्हते. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २००२ मध्येच बंधनकारक फेरी सोडली होती. व्हर्जिनियाचे तत्कालीन अध्यक्ष जॉन कॅस्टीन यांची भूमिका स्पष्ट होती. बंधनकारक पूर्वफेरीचा लाभ सुस्थितीतील कुटुंबांनाच होतो, अल्प उत्पन्न गटातील मुले तिच्याकडे फिरकत नाहीत, आणि २००४ मध्ये सुरू केलेल्या 'ॲक्सेसयूव्हीए' या आर्थिक साहाय्य योजनेच्या उद्दिष्टांशी ही गोष्ट विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

इतर संस्था मोठ्या संख्येने मागोमाग येतील ही अपेक्षा फोल ठरली. चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, व्हर्जिनिया विद्यापीठाने 'अर्ली ॲक्शन' सुरू करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०११ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीही पूर्वफेरी परत आणली. व्हर्जिनियाची नवी फेरी बंधनरहित होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लवकर अर्ज करावा, लवकर निकाल घ्यावा, तुलना करण्यास वसंत ऋतूपर्यंत मोकळे राहावे, असे तिचे स्वरूप होते. २००६ च्या निर्णयामागील तत्त्वाला तिने फारसा धक्का लावला नव्हता. पुढे मे २०१९ मध्ये विद्यापीठाने 'अर्ली डिसिजन' पुन्हा आणले. त्या पहिल्या वर्षी अर्जाची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे रूढ तारखेच्याही आधीची ठेवण्यात आली. ज्या विद्यार्थ्यांची पहिली पसंती हेच विद्यापीठ आहे त्यांना ती व्यक्त करण्याची संधी मिळावी, असे कारण देण्यात आले.

२००६ मध्ये दिलेले कारण विद्यार्थ्यांमधील विषमतेविषयी होते. २०१९ मधील कारण विद्यार्थ्याच्या पसंतीविषयी आहे. दुसऱ्या कारणाने पहिल्याला उत्तर दिले जात नाही, त्याला केवळ बाजूला सारले जाते. विषमता नाहीशी झाली असा दावा करता आला असता, पण तो करण्यासाठी पुरावा द्यावा लागला असता.

समर्थनाची बळकट बाजू

या धोरणावर टीका करण्यापूर्वी त्याच्या बाजूने जे सांगता येते ते नीट मांडणे आवश्यक आहे. २००६ आणि २०१९ या दोन वर्षांमध्ये परिस्थिती खरोखरच बदलली होती. संघराज्य शासनाचा आर्थिक साहाय्याचा अर्ज पूर्वी १ जानेवारीला खुला होत असे, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये बांधून घेणाऱ्या विद्यार्थ्याला साहाय्याचा निश्चित अंदाज मिळणे कठीण होते. २०१६ पासून तो अर्ज १ ऑक्टोबरला खुला करण्यात आला आणि त्यात आधीच्या वर्षाचे, तयार असलेले उत्पन्नाचे आकडे चालू लागले. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये प्रत्येक महाविद्यालयाने २०११ च्या ऑक्टोबरअखेरीपर्यंत निव्वळ खर्चाचा गणक उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. शिवाय ऑक्टोबर २०१८ मध्ये अध्यक्षपदाचा औपचारिक स्वीकार करताना जेम्स रायन यांनी एक ठोस आश्वासन दिले. वार्षिक ८०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्हर्जिनियातील कुटुंबांच्या मुलांना शिक्षणशुल्क माफ, आणि ३०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना निवास व भोजनही मोफत, असे ते होते.

किती पैसे लागतील हे आधीच ठाऊक असलेल्या राज्यातील गरीब विद्यार्थ्याला बंधनाची भीती का वाटावी, असा प्रश्न समर्थक करू शकतात. साहाय्य अपुरे पडल्यास वचनातून मुक्तता मागता येते, ही तरतूदही ते पुढे करतील. हा युक्तिवाद हलका नाही. २००६ मधील टीका जशीच्या तशी आज उच्चारणारा टीकाकार या बदलांकडे दुर्लक्ष करतो, असेच म्हणावे लागेल.

परंतु आश्वासने आणि अर्जाच्या तारखा यांचे स्थैर्य किती असते, हेही याच काळाने दाखविले. 'ॲक्सेसयूव्हीए' योजनेने प्रारंभी अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना कर्जाशिवाय, संपूर्ण अनुदानरूप साहाय्य देऊ केले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने त्यात कर्जाचा समावेश केला. चार वर्षांत ही मर्यादा राज्यातील विद्यार्थ्यासाठी १४,००० डॉलरपर्यंत आणि परराज्यातील विद्यार्थ्यासाठी २८,००० डॉलरपर्यंत होती. साहाय्याचा केंद्रीय अर्जही २०२३ मध्ये ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी अखेरीस खुला झाला, आणि त्या वर्षी देशभरातील विद्यार्थ्यांच्या हाती साहाय्यपत्रे कित्येक महिने उशिरा पडली. वर्षभराच्या व्यवस्थेवर विसंबून नोव्हेंबरमध्ये स्वाक्षरी करणाऱ्या कुटुंबासाठी ही किरकोळ गैरसोय नव्हे.

मुक्ततेच्या तरतुदीचा विचारही त्या कुटुंबाच्या जागी उभे राहून केला पाहिजे. ज्याला बंधन नाही तो विद्यार्थी चार प्रस्ताव समोर ठेवून त्यांतील एक निवडतो. ज्याने वचन दिले आहे त्याला आपली अडचण सिद्ध करून, आपल्याला परवडत नाही असे लेखी सांगून सुटका मागावी लागते. दोघांच्या हाती शेवटी तेच पर्याय आले तरी एकाने ते हक्काने घेतले आणि दुसऱ्याने विनंती करून. मध्यम उत्पन्नाच्या, म्हणजे आश्वासनाच्या मर्यादेच्या किंचित वर असलेल्या कुटुंबाची स्थिती याहून अवघड असते. गणकाने दाखविलेली रक्कम परवडण्याजोगी आहे किंवा नाही, हे त्यांना दुसऱ्या संस्थेचा प्रस्ताव पाहिल्याशिवाय ठरविताच येत नाही.

माहितीची वाटणी

या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे क्रिस्टोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांचे 'द अर्ली ॲडमिशन्स गेम' (२००३). चौदा निवडक महाविद्यालयांकडे आलेल्या पाच लाखांहून अधिक अर्जांचे विश्लेषण करून लेखकांनी असा निष्कर्ष काढला की, अन्य गुणवत्ता समान असताना पूर्वफेरीतील अर्जाचा लाभ १६०० गुणांच्या एसएटी परीक्षेत सुमारे शंभर गुण अधिक मिळविण्याइतका असतो. पूर्वफेरीत प्रवेशाचे प्रमाण अधिक दिसते ते केवळ त्या फेरीतील अर्जदार अधिक सक्षम असतात म्हणून, हा संस्थांचा जुना खुलासा या ग्रंथाने पुष्कळ अंशी निकालात काढला. त्यापूर्वी जेम्स फॅलोज यांनी 'द अटलांटिक' मासिकाच्या सप्टेंबर २००१ च्या अंकात याच पद्धतीवर प्रखर लेख लिहिला होता. ग्रंथाने त्या चर्चेला संख्याशास्त्राचा आधार दिला.

ग्रंथाचा भर प्रामुख्याने खासगी संस्थांवर आहे, आणि त्याची मांडणी 'खेळ' या रूपकाभोवती फिरते. खेळाचे नियम ज्याला ठाऊक आहेत तो जिंकतो, म्हणून नियम सर्वांना समजावून सांगावेत, असा त्याचा रोख आहे. सार्वजनिक विद्यापीठाच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. राज्याने आपल्याच नागरिकांशी असा खेळ मुळात मांडावा काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. माहितीचा प्रसार करून तो सुटणारा नाही, कारण माहिती पोहोचविण्याची साधनेच विषम आहेत.

ही विषमता व्हर्जिनियात ठळकपणे दिसते. उत्तरेला, वॉशिंग्टनच्या परिसरात, फेअरफॅक्ससारखे देशातील अत्यंत संपन्न तालुके आहेत. तेथील पालक स्वतः पदवीधर असतात आणि विद्यापीठांच्या तारखा घरात दोन वर्षे आधीपासून चर्चेत असतात. नैर्ऋत्येला कोळशाच्या खाणींचा ओसरत चाललेला डोंगराळ प्रदेश आहे, तेथील अनेक घरांत विद्यापीठात जाणारी ही पहिलीच पिढी असते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. देशाची प्रत्यक्ष सरासरी तिच्याहून बरीच अधिक आहे. वचनपत्रावर ज्याची स्वाक्षरी लागते तोच हा समुपदेशक, आणि तो कोणाच्या वाट्याला किती येतो हे शाळेच्या पत्त्यावरून ठरते.

विद्यापीठाला हे ठाऊक नाही असे मुळीच म्हणता येत नाही. ज्या शाळांमधून महाविद्यालयाकडे जाणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे, तेथे नुकतेच पदवीधर झालेले तरुण सल्लागार म्हणून पाठविण्याची योजना २००५ मध्ये याच व्हर्जिनिया विद्यापीठात आकाराला आली. पुढे तिचा विस्तार अनेक राज्यांत झाला. उत्तम, अनुकरणीय उपक्रम म्हणून तिचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. परंतु एका हाताने मार्गदर्शनाची उणीव भरून काढायची आणि दुसऱ्या हाताने मार्गदर्शन लाभलेल्यांना अधिक फळ देणारी फेरी चालवायची, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. त्या तरुण सल्लागाराला सप्टेंबरमध्ये एखाद्या खाणगावातील शाळेत रुजू होऊन काही आठवड्यांतच एका मुलीला सांगावे लागते की, तिच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय तिने दिवाळी-नाताळच्या आतच, म्हणजे दुसरे काहीही न पाहता, घ्यावा किंवा घेऊ नये. तो प्रामाणिक असेल तर थांबण्याचा सल्ला देईल, आणि थांबणाऱ्यांसाठी जागा कमी उरलेल्या असतील.

पसंती हा गुण आहे काय?

ॲव्हरी यांनीच जोनाथन लेव्हिन यांच्यासमवेत २०१० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पद्धतीचे एक सूक्ष्म समर्थनही सापडते. विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी अर्ज करणे सोपे झाले की, कोणाला खरोखर आपल्याकडे यायचे आहे हे संस्थेला कळेनासे होते. बंधनकारक अर्ज हा उत्सुकतेचा विश्वासार्ह संकेत ठरतो, कारण त्यासाठी विद्यार्थ्याला काहीतरी सोडावे लागते. संस्था आणि विद्यार्थी यांची जुळणी त्यामुळे अधिक चांगली होऊ शकते. २०१९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाने दिलेले कारण या सिद्धान्ताशी मिळतेजुळते आहे.

लहान खासगी महाविद्यालयाच्या बाबतीत हा युक्तिवाद मान्य करता येईल. तेथे संस्थेचा विशिष्ट स्वभाव असतो आणि त्यात रमणारा विद्यार्थी हवा ही अपेक्षा स्वाभाविक ठरते. राज्याच्या प्रमुख विद्यापीठाने मात्र उत्सुकतेला गुण द्यावेत याचे कारण दिसत नाही. करदात्या नागरिकाच्या मुलाने विद्यापीठावर प्रेम करावे अशी अट शिक्षणाच्या हक्काला जोडता येत नाही. त्यातून हा संकेत सर्वांना सारख्याच किमतीत देता येत नाही. श्रीमंत कुटुंबाला त्यासाठी तुलनेची संधी सोडावी लागते, पण तुलनेची त्याला गरजच नसते. म्हणजे त्याचा संकेत फुकट असतो. तुलना ज्याला जीवनावश्यक आहे त्यालाच तो महाग पडतो. मग विद्यापीठाला मोजायला मिळते ती उत्सुकता की सांपत्तिक निश्चिंतता? दोन्ही एकाच स्वाक्षरीत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करण्याचे साधन प्रवेश कार्यालयाजवळ नसते.

या चर्चेत संस्थेचा स्वतःचा स्वार्थ क्वचितच उघडपणे बोलला जातो. बंधनकारक फेरीतून भरलेली जागा ही जवळजवळ निश्चित भरलेली जागा असते. प्रस्ताव दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतील ही अनिश्चितता तेवढी कमी होते. राष्ट्रीय क्रमवारीसाठी हे करावे लागते, असे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येते. वस्तुतः 'यू. एस. न्यूज'ने हे प्रमाण आपल्या क्रमवारीच्या सूत्रातून २००३ मध्येच काढून टाकले. खरे कारण अर्थसंकल्पात शोधावे लागेल. व्हर्जिनियाने २००५ मध्ये कायदा करून आपल्या आघाडीच्या विद्यापीठांना प्रशासकीय व आर्थिक बाबतीत अधिक स्वायत्तता दिली. तिच्याबरोबर स्वतःचा महसूल स्वतः उभारण्याची जबाबदारीही वाढली. पदवी वर्गातील सुमारे दोन तृतीयांश जागा राज्यातील विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या परराज्यांतील व परदेशी विद्यार्थ्यांना, अशी तेथील वाटणी आहे. परराज्यातील विद्यार्थी कितीतरी अधिक शुल्क भरतो. अशा विद्यार्थ्याची हमी डिसेंबरमध्येच मिळणे कोणत्याही वित्त अधिकाऱ्याला हवेसे वाटेल. हा स्वार्थ लज्जास्पद नाही, सार्वजनिक निधी आटत असताना तो समजण्याजोगा आहे. परंतु तो विद्यार्थ्यांच्या पसंतीच्या नावाने मांडला जाऊ नये.

निश्चिती कोणी कोणाला द्यावी?

खासगी स्पर्धकांनी बंधनकारक फेरी चालू ठेवली असताना सार्वजनिक विद्यापीठ एकटे काय करणार, हा प्रश्न शेवटचा म्हणून विचारला जातो. बाजारपेठांची रचना अभ्यासणारे अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ यांनी या ओढीचे वर्णन फार पूर्वी केले आहे. एकाने लवकर हात पुढे केला की दुसऱ्याला त्याहून लवकर करावा लागतो, आणि निवड अपुऱ्या माहितीवर होऊ लागते. १९४० च्या दशकात अमेरिकन रुग्णालये वैद्यकीय विद्यार्थ्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षे आधी नेमू लागली होती. अखेरीस १९५० च्या दशकाच्या प्रारंभी केंद्रीय जुळणी पद्धत आली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा १९६२ चा प्रसिद्ध गणिती निबंध तर महाविद्यालयीन प्रवेशाचेच उदाहरण घेऊन लिहिला आहे. रॉथ व शॅप्ली यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या समस्येवरून या विचाराचा आरंभ झाला, त्या अमेरिकन पदवी प्रवेशांनी मात्र तो स्वीकारलेला नाही, हा योगायोग मौजेचा आहे.

महाराष्ट्रातील अध्यापकांना बंधनाची कल्पना अपरिचित नाही. मुंबईत २००९ पासून ऑनलाइन झालेल्या आणि २०२५ मध्ये राज्यभर लागू करण्यात आलेल्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास विद्यार्थ्याला तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा तो पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. हेही बंधनच आहे. परंतु ते येते दहावीचे गुण जाहीर झाल्यानंतर, सर्व पसंतीक्रम एकाच अर्जात लिहिल्यानंतर, आणि शुल्काचा आकडा समोर असताना. या फरकामुळे दोन्ही पद्धतींना एकच न्याय लावता येत नाही. आपल्याकडील खरे साम्य प्रवेश परीक्षांचे निकाल लागण्यापूर्वीच शुल्क भरून घेणाऱ्या संस्थांशी आहे. पाठ्यक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश सोडणाऱ्यास किरकोळ कपात करून शुल्क परत करावे आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाला २००७ मध्ये सांगावे लागले, ते अशाच बांधून घेण्यावर उपाय म्हणून.

स्पर्धेपुढे सार्वजनिक विद्यापीठे हतबल आहेत हा दावा अमेरिकेतच खोटा ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली व लॉस एंजलिससह सर्व पदवी संकुलांसाठी अर्जाचा एकच शरद कालावधी असतो. तेथे पूर्वफेरी नाही आणि बंधनही नाही. तेथील स्पर्धा व्हर्जिनियाहून कमी आहे असे कोणी म्हणणार नाही.

टेक्सासचे उदाहरण तर अधिक विचार करण्याजोगे आहे. १९९७ च्या कायद्याने शाळेतील पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेशाचा हक्क मिळाला. ऑस्टिन येथील संकुलावर ताण वाढल्यावर २००९ मध्ये तेथील अशा प्रवेशांना मर्यादा घालण्यात आली. तेथील पात्रतेचा टक्का पुढे घसरत गेला आणि २०२६ च्या प्रवेशांसाठी तो पाच टक्के ठरविण्यात आला. या कायद्यावर आक्षेप अनेक आहेत. शाळाशाळांमधील दर्जाचा फरक तो विचारात घेत नाही, आणि आवडीच्या शाखेची हमीही देत नाही. पण निश्चितीच्या वाटणीच्या दृष्टीने पाहिले तर त्याने दिशा उलटविली आहे. टेक्सासमधील खेड्यातल्या मुलाला आपण कोठे उभे आहोत हे अर्ज करण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि त्याबदल्यात त्याच्याकडून कोणतेही वचन घेतले जात नाही. निश्चिती राज्य देते, नागरिक घेतो. शार्लट्सव्हिलमध्ये नागरिक देतो आणि विद्यापीठ घेते.

प्रवाह मात्र दुसरीकडेच वळताना दिसतो. २०१९ मध्ये संघराज्याच्या न्याय खात्याच्या दबावाखाली प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतील काही कलमे गाळली. बंधनकारक अर्जासाठी विशेष प्रलोभने देऊ नयेत, हे त्यांपैकी एक होते. स्पर्धा खुली राहावी या हेतूने झालेल्या कारवाईने लवकर बांधून घेण्याच्या स्पर्धेवरील एक जुना संकेतही उठविला. २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठासारख्या मोठ्या सार्वजनिक संस्थेने बंधनकारक फेरी सुरू करण्याचे जाहीर केले.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने या प्रश्नाच्या एका शेजारच्या भागाला हात घातला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या व देणगीदारांच्या पाल्यांना सार्वजनिक विद्यापीठांत प्राधान्य देण्यास मनाई करणारा कायदा तेथे एकमताने संमत झाला. त्यावर मार्च २०२४ मध्ये राज्यपालांची स्वाक्षरी झाली आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. बंधनकारक पूर्वफेरीचा त्यात उल्लेख नाही. त्याच राज्यातील व्हर्जिनिया टेक या सार्वजनिक विद्यापीठाने मात्र कायद्याची वाट न पाहता, २०२३ च्या जुलैमध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांचे प्राधान्य आणि 'अर्ली डिसिजन' या दोन्ही गोष्टी एकाच घोषणेने बंद केल्या. एकाच राज्यातील, एकाच विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या या दोन विद्यापीठांकडे नैर्ऋत्य व्हर्जिनियातील एखादी विद्यार्थिनी आज अर्ज करते, तेव्हा ब्लॅक्सबर्गला तिची गुणपत्रके आणि निबंध पुरतात. शार्लट्सव्हिलच्या अर्जात मात्र कोणत्या फेरीतून विचार व्हावा हा रकाना तिला भरावा लागतो, आणि पहिला पर्याय निवडल्यास त्याला तीन स्वाक्षऱ्यांचे एक पान जोडावे लागते.